द डॅल्सचे सॅलड बार आणि रजनीशपुरम बुडाल्याच्या चार कहाण्या

कोरेगाव पार्कात जरा जुन्या माणसाकडे रजनीशपुरमचा, म्हणजे भगवान रजनीशांच्या (ओशोंच्या) अमेरिकेतल्या वसाहतीचा, कम्यूनचा विषय काढला की प्रत्येकाची आपली एक कहाणी असते. कोणी म्हणतं अमेरिकन सरकारनेच डाव टाकून कम्यून संपवलं, कोणी म्हणतं सगळं त्यांच्या सेक्रेटरीने, त्या शीलाने केलं, भगवानांना काही पत्ताच नव्हता, कोणी म्हणतं छे, त्यांना माहीत नसताना तिथे पानही हलत नव्हतं, आणि तिकडे ओरेगनमधले गाववाले म्हणतात की आम्ही पहिल्या दिवसापासून ओरडत होतो पण ऐकतंय कोण. चाळीस वर्षं होऊन गेली तरी या चार कहाण्या एकमेकींना भेटत नाहीत, आणि सांगणारे बहुतेक सगळे मनापासून सांगत असतात, खोटं बोलत असतात असं नाही. पण या सगळ्या भांडणात एक गोष्ट, द डॅल्स गावातली १९८४ ची जुलाबाची साथ, अशी आहे जी लॅबमध्ये तपासता आली, आणि मला तीच नीट सांगायची आहे, कारण ती आपल्याकडे फार वरवर सांगितली जाते.

बॅकग्राउंड थोडक्यात. १९७४ पासून रजनीशांचा आश्रम पुण्यात होता, १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले, ओरेगन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांच्या रँचवर रजनीशपुरम उभं राहिलं. ही जागा मुख्यतः वास्को काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा, आणि त्याचं मुख्य गाव द डॅल्स, वस्ती साधारण दहा हजार. जमीन, बांधकाम, परवाने यावरून काउंटीशी सतत भांडणं चालू होती, म्हणून नोव्हेंबर १९८४ च्या निवडणुकीत काउंटीचा कारभारच आपल्या हातात घ्यायचा असं कम्यूनच्या वरच्या मंडळींनी ठरवलं. त्यासाठी वेगवेगळ्या शहरांतून बेघर माणसांना बसमध्ये भरून आणलं, मतदार म्हणून त्यांची नोंद करायला. आणि दुसरा प्लॅन असा की मतदानाच्या दिवशी बाकीचे मतदार आजारी पडून घरीच राहिले पाहिजेत.

सप्टेंबर १९८४ मध्ये द डॅल्समध्ये लोक जुलाब, ताप, पोटात मुरडा घेऊन डॉक्टरकडे यायला लागले. दोन लाटा आल्या, पहिली ९ ते १८ सप्टेंबर, दुसरी १९ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. एकूण ७५१ जण आजारी, त्यातल्या ४५ जणांना अ‍ॅडमिट करावं लागलं. नशिबाने मृत्यू एकही नाही. कल्चरमध्ये, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातून लॅबमध्ये जिवाणू वाढवून पाहिल्यावर, निघाला साल्मोनेला टायफीम्युरियम.

आता साथीचे डॉक्टर काय करतात, तर आजारी माणसं आणि आजारी न पडलेली माणसं दोघांनाही तेच प्रश्न विचारतात, कुठे खाल्लं, काय खाल्लं, कधी खाल्लं. फक्त आजाऱ्यांना विचारून उपयोग नसतो, कारण गावात सगळेच बटाटा खातात, मग बटाटाच दोषी ठरेल. या तपासात बहुतेक केसेस दहा रेस्टॉरंटशी जोडलेल्या निघाल्या, आणि त्या दहापैकी आठांमध्ये सॅलड बार होता, म्हणजे बर्फावर ट्रे मांडून ठेवलेले, गिऱ्हाइकाने आपल्या हाताने वाढून घ्यायचं. गावातल्या बाकीच्या २८ रेस्टॉरंटमध्ये सॅलड बार फक्त तिघांकडे. ८० टक्के विरुद्ध ११ टक्के, म्हणजे साडेसात पट फरक, हा काही योगायोग नव्हे.

पण खरी गोची इथून पुढे. प्रत्येक रेस्टॉरंटमध्ये संशयित पदार्थ वेगळा! एकीकडे एक सॅलड, दुसरीकडे दुसरंच काही, एका ठिकाणी ड्रेसिंग. सगळ्यांचा सप्लायर एक नाही, पाण्याची लाइन एक नाही, सगळ्या ठिकाणी गेलेला माल एकही नाही. साल्मोनेलाची साथ एकाच ठिकाणाहून पसरली असेल तर मागे मागे जात कुठेतरी एक शेत, एक डेअरी, एक टाकी सापडते. इथे धागा दरवेळी सॅलड बारपाशीच येऊन तुटत होता.

मग राज्याच्या आरोग्य खात्याने नोव्हेंबर १९८४ मध्ये काय निष्कर्ष काढला, तर किचनमधल्या कामगारांची अस्वच्छता. त्यामागे लॉजिक होतं, कारण बरेच कामगार गिऱ्हाइकांच्या आधी आजारी पडले होते. आधी आजारी पडला तो पसरवणारा, असं वाटणं साहजिक आहे. पण कामगारसुद्धा त्याच सॅलड बारवरचं खात होते! ज्याच्या ताटात रोज तेच येतं तो आधी आजारी पडणारच, म्हणून तो कारण ठरत नाही. क्रम आणि कारण यातली ही गफलत आरोग्याच्या बातम्यांमध्ये आजही जागोजागी दिसते.

मुद्दाम कोणी केलं असेल ही शक्यता तपास करणाऱ्यांच्या डोक्यात आली नव्हती असं नाही, आली होती, आणि त्यांनी ती बाजूला ठेवली. कोणी जबाबदारी घेतली नव्हती, कोणी काही टाकताना दिसलं नव्हतं, असं आधी कुठे घडल्याचं नोंदलेलं नव्हतं. गावातले लोक मात्र उघड कम्यूनचं नाव घेत होते, एका खासदाराने तर फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकन संसदेत तसं भाषण केलं. त्यांचा संशय खरा निघाला हे आज आपल्याला माहीत आहे, तरी मला वाटतं की तेव्हा केवळ संशयावर हजारो संन्याशांना, म्हणजे रजनीशांच्या अनुयायांना, दोषी धरलं नाही हे बरोबरच झालं, चुकलं ते एवढंच की "कारण सापडलं नाही" असं लिहून न थांबता कामगारांवर बोट ठेवलं गेलं.

हे वाचताना सिंहगड रोडच्या लोकांना जानेवारी २०२५ आठवेल. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा कोणी विहिरीला दोष देत होतं, कोणी चिकनला, आणि ग्रुपवर तर रोज नवा गुन्हेगार. आपल्याच एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) नमुने तपासले, काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तेव्हा कुठे बोलण्याला काही आधार आला. मला तेव्हा फार तीव्रतेने जाणवलं की पेशंटच्या घरच्यांना "काय झालं" याचं उत्तर आजच हवं असतं आणि लॅबला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात जो समोर दिसतो त्याच्यावर आळ येतो, मग तो टँकरवाला असो की चिकनवाला.

तर १९८५ च्या सप्टेंबरमध्ये शीला आणि तिच्या जवळची माणसं अचानक कम्यून सोडून युरोपात निघून गेली, आणि १६ तारखेला खुद्द रजनीशांनी पत्रकारांना बोलावून त्यांच्यावर विषप्रयोगापासून फोन टॅपिंगपर्यंत आरोप केले. तपास पथक आत शिरलं. कम्यूनच्या मेडिकल लॅबमध्ये साल्मोनेलाचा साठा मिळाला, विकत मागवलेली प्रमाणित जात, तिचा कॅटलॉग नंबर एटीसीसी १४०२८. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने, ती पेशंटच्या जिवाणूशी ताडून पाहिली. जीनोम सिक्वेन्सिंग तेव्हा नव्हतं, जिवाणू कुठल्या अँटिबायोटिकने मरतो, कुठली साखर पचवतो, त्याच्यात प्लाझ्मिड (डीएनएचे सुटे छोटे तुकडे) कुठले आहेत अशा खुणांवरून ओळख पटवायचे. दोन्हींमध्ये फरक करता आला नाही.

इथे एक गोष्ट बहुतेक लेखांमध्ये सुटते. हीच जात जगभरच्या साध्या लॅबमध्ये असते, जिवाणू वाढवायचं मिश्रण (मीडिया) आणि टेस्ट नीट चालतात का ते बघायला. त्यामुळे नुसती ती सापडली यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. पण ती गावातल्या पेशंटच्या पोटात काय करत होती, याला साधं उत्तर नव्हतं, आणि त्याला जोड मिळाली ती कम्यूनमधल्याच लोकांच्या जबानीची. छोट्या कुप्यांमध्ये तपकिरी द्रव, आपसात त्याला "साल्सा" म्हणायचे, तो ड्रेसिंगमध्ये, सॅलडवर, कॉफीच्या क्रीमरमध्ये ओतायचा. त्याआधी ऑगस्टमध्ये रँचवर आलेल्या काउंटीच्या दोन अधिकाऱ्यांना पाण्यातून तोच जिवाणू दिला होता. सॅलड बार ही निवडणुकीची रंगीत तालीम होती. मतदानाच्या दिवसाचा प्लॅन पुढे बारगळला. शीला आणि लॅब सांभाळणारी पूजा यांनी १९८६ मध्ये कोर्टात गुन्हे कबूल केले, आणि अडीच वर्षांच्या आत दोघी सुटल्याही.

म्हणजे चार कहाण्यांपैकी "सगळं सरकारचं कुभांड" ही निदान या बाबतीत टिकत नाही. "भगवानांना माहीत होतं की नव्हतं" हे मात्र कुठलंही कल्चर सांगू शकत नाही, जिवाणू कुठून आला एवढंच त्याच्यावरून कळतं, कोणाच्या मनात काय होतं ते नाही. रँचवरच्या हजारोंपैकी कट माहीत असलेले मूठभर होते, त्यामुळे शेतात राबणारी एखादी संन्यासिनी "आमच्याकडे असलं काही नव्हतं" म्हणते तेव्हा ती तिने पाहिलेलं खरंच सांगत असते.

पुण्याशी जोडलेला दुसरा वाद याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतल्या कैदेत आपल्याला थॅलियम हा विषारी धातू दिला असा आरोप रजनीशांनी परत आल्यावर केला. थॅलियम शरीरात पोटॅशियमची जागा घेतं, हातपायांची आग होते, दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, आणि वेळेत बघितलं तर ते लघवीत आणि केसांत मोजता येतं. १९ जानेवारी १९९० ला पुण्यात त्यांचं निधन झालं आणि त्याच संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले, पोस्टमॉर्टेम नाही. त्यामुळे या बाबतीत ज्याला जे मानायचंय ते तो मानतो, आणि मी यात कुठल्याच बाजूने बोलणार नाही.

द डॅल्सच्या साथीचा पूर्ण अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये थेट १९९७ मध्ये छापून आला, वाचून कोणी नक्कल करेल या भीतीने तो इतकी वर्षं थांबवला होता. मला ते पटतं, पण त्यात एक वाईट झालं. जे कामगार स्वतः जुलाबाने हैराण होते आणि वर गावभर "तुमच्या घाणेरड्या हातांमुळे" असं ऐकून घेत होते, ते या चारही कहाण्यांमध्ये कुठेच नाहीत. त्या पेपरात मात्र स्पष्ट लिहिलंय की काही ठिकाणी आजारी कामगारांमुळे लागण पुढे पसरली असेल, पण साथ त्यांच्यामुळे सुरू झाली याचा कसलाही पुरावा नाही.