आधी माणूस, मग गुन्हा : रोमन मृत्युदंडाची पार्श्वभूमी

रोमन शिक्षा म्हटलं की डोळ्यांपुढे क्रूस आणि आखाड्यातली श्वापदं येतात. दोन्ही खरी. पण कित्येक शतकं ही मरणं प्रामुख्याने गुलाम, परके आणि बंडखोर यांच्याच वाट्याला आली. प्रतिष्ठित रोमन नागरिकाला खटल्यानंतर ठार मारल्याची उदाहरणं शोधावी लागतात. हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून यायला हवं.

इ.स.पू. ४५१-४५० च्या सुमारास रोमनांनी आपले रूढ नियम बारा फलकांवर लिहून काढले. मूळ फलक गेले. पुढच्या लेखकांनी उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरले. त्यांतला दंड राकट आहे. रात्रीच्या अंधारात दुसऱ्याचं उभं पीक कापणाऱ्याला फाशी, घर पेटवणाऱ्याला आगीत टाकायचं, खोटी साक्ष देणाऱ्याचा रोममधल्या तार्पेया कड्यावरून कडेलोट. रायगडचं टकमक टोक ठाऊक असलेल्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. कर्ज बुडवणाऱ्याचे धनकोंनी तुकडे वाटून घ्यावेत असंही एक कलम होतं, पण तसं कुणी केल्याचं ऐकिवात नाही, असं पुढच्या रोमनांनीच लिहून ठेवलंय. त्याच फलकांवर मात्र एक वेगळ्या जातीचं कलम आहे : नागरिकाच्या जिवाचा फैसला फक्त जनतेच्या सर्वांत मोठ्या सभेतच व्हावा.

या कलमाने पुढचा सगळा इतिहास घडवला. अधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध जनतेकडे दाद मागण्याचा हक्क पक्का झाला, इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या पोर्किउस कायद्यांनी नागरिकाला फटके मारण्यालाही चाप लावला. शिवाय एक पळवाट होती, तीही राजरोस. इतिहासकार पोलिबिउस कौतुकाने सांगतो की मृत्युदंडाच्या खटल्यातला आरोपी, निकाल ठरवणारा शेवटचा गट मत देईपर्यंत, सर्वांदेखत शहर सोडून जाऊ शकत असे. तिबूर किंवा प्राइनेस्ते यांसारखं जवळचं शहर गाठलं की सुटला. तिबूर म्हणजे आजचं तिवोली, रोमपासून दिवसाभराच्या चालीवर. मागाहून सभा त्याला 'पाणी आणि अग्नी' बंद करी, म्हणजे परत यायची वाट बंद.

या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू एकाच प्रकरणात दिसतात. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याने गाविउस नावाच्या माणसाला मेसानाच्या भर चौकात फटके मारवले. तो दर फटक्याला 'मी रोमन नागरिक आहे' एवढंच म्हणत राहिला. व्हेरेसने त्याला क्रूसावर चढवलं आणि क्रूसही मुद्दाम सामुद्रधुनीच्या काठी रोवला, पलीकडचा इटलीचा किनारा दिसावा म्हणून. इ.स.पू. ७० मध्ये प्रसिद्ध वक्ता सिसेरोने व्हेरेसवर लाचलुचपत आणि लुटीचा खटला चालवला. व्हेरेसने रंग ओळखला, निकालाआधीच मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेयला, निघून गेला आणि पुढे पंचवीसेक वर्षं तिथे राहिला. नागरिकत्वाने गाविउसला वाचवलं नाही. व्हेरेसच्या कामी मात्र पैसा, पदवी आणि ती राजरोस पळवाट आली.

सिसेरोवरही पुढे नागरिकाचा हाच हक्क उलटला. इ.स.पू. ६३ मध्ये, कॉन्सल म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी असताना, सत्ता उलथवण्याच्या कातिलिनाच्या कटातल्या पाच जणांना त्याने सिनेटच्या ठरावावर, खटल्याविना, तुलियानुम या तळघरात गळा आवळून मारवलं. इ.स.पू. ५८ मध्ये त्याच कारणावरून त्याला देश सोडावा लागला आणि पालातिन टेकडीवरचं त्याचं घर पाडलं गेलं. तुलियानुम ही जागा मारायची, डांबून ठेवायची नव्हे. तुरुंगवास ही शिक्षा म्हणून रोमन कायद्याला मान्यच नव्हती. निकालापर्यंत माणूस हाताशी राहावा, एवढंच तुरुंगाचं काम.

गुलामांसाठी यातलं काहीच लागू नव्हतं. इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेदानिउस सेकुंदुस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. नियम असा की धन्याचा घरात खून झाला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. इथे ते ४०० होते, बायकामुलांसह. लोक रस्त्यावर आले. सिनेटमध्ये कायदेपंडित कासिउस लोंगिनुसने ठासून सांगितलं की निरपराध मरतील हे कबूल, पण दहशतीशिवाय हा जमाव काबूत राहत नाही. नीरोने वाटेवर दुतर्फा सैनिक उभे केले आणि सगळ्यांना ठार मारवलं.

रोजच्या कारभारात हे कसं चालायचं, ते पुतेओलीच्या शिलालेखातून कळतं. नेपल्सजवळच्या या बंदरात प्रेतं उचलणाऱ्या ठेकेदाराकडेच देहदंडाचंही काम असे. मालकाला गुलामाला खासगीत शिक्षा करायची असेल तर ठेकेदाराने खांब, साखळदंड आणि दोर पुरवायचे. आडवा लाकडी दांडा वाहणारे, फटके मारणारे आणि जल्लाद यांचे माणशी चार सेस्टर्स (रोमन नाणी) मालकाने द्यायचे. अधिकाऱ्याच्या हुकमाने शिक्षा असेल तर खिळे, डांबर, मेण, मेणबत्त्या सगळं फुकट. ठेकेदाराच्या माणसांनी गावात रंगीत टोपी घालूनच शिरायचं, आणि आकड्याने प्रेत ओढून नेताना लाल कपडे घालून घंटा वाजवायची. क्रूरतेपेक्षा या दरपत्रकानेच मला जास्त हादरवलं.

सम्राटांच्या काळात नागरिकाचं कवच पातळ होत गेलं. तिबेरिउसच्या राज्यात राजद्रोहाचे खटले वाढले तेव्हा आरोपी निकालाआधीच जीव देऊ लागले. इतिहासकार तासितुस कारणही देतो : दोषी ठरलं की मालमत्ता जप्त आणि दफनही नाही, आधीच मेलं तर देह पुरला जाई आणि मृत्युपत्र टिके. दुसऱ्या शतकापर्यंत रेघ नागरिक आणि परका यांच्यातून सरकून प्रतिष्ठित आणि सामान्य यांच्यात आली. एकाच गुन्ह्याला सिनेटर, नगरपित्याला किंवा निवृत्त सैनिकाला हद्दपारी, तर सामान्याला खाणीत मरेस्तोवर मजुरी, श्वापदं किंवा आग. २१२ मध्ये काराकालाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व मुक्त लोकांना नागरिकत्व दिलं, तोवर त्यात जीव वाचवण्याची ताकद फारशी उरली नव्हती.

क्रूस सम्राट कॉन्स्टंटाईनने बंद केला असं सांगतात. पितृहत्येची जुनी शिक्षा मात्र टिकली. गुन्हेगाराला चामडी पोत्यात शिवून पाण्यात टाकायचं, ही प्रथा सिसेरोलाही माहीत होती, पण त्याच्या वर्णनात पोत्यात जनावरं नाहीत. ५३३ मध्ये जस्टिनियनने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक काढलं. त्या ख्रिस्ती सम्राटाच्या पुस्तकात पोत्यात गुन्हेगारासोबत कुत्रा, कोंबडा, साप आणि माकड अशी चौकडी नियमात बसलेली आहे.