कळा सुरू झाल्यावरची एचआयव्ही तपासणी

‘नऊ महिन्यांत तपासणी झाली नाही, आता कळा सुरू झाल्यावर करून काय उपयोग?’ हा प्रश्न प्रसूतिगृहाच्या दारात नातेवाईक विचारतात आणि शिकलेली माणसेही त्यावर मान डोलावतात. आई बाधित असली आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण स्तनपानासह 15 ते 45 टक्के असते. म्हणजे ‘आईला आहे तर बाळाला असणारच’ हे मुळात खरे नाही. शिवाय जी लागण होते तिचा मोठा वाटा प्रसूतीच्या सुमारास घडतो, कारण कळांच्या दाबाने वारेतून आईचे थोडे रक्त बाळाकडे झिरपू शकते आणि जन्ममार्गातून येताना बाळाचा तिच्या रक्ताशी व स्रावांशी थेट संबंध येतो. म्हणूनच कळा सुरू झाल्यावर तपासून औषध दिले, तरी उपयोग होतो.

खानदेशात अशी वेळ येण्याची कारणे साधी आहेत. बाळंतपण माहेरी होते आणि तपासणीचे कागद सासरी राहतात. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि गरोदरपणाचे महिने फडावरच सरतात. अशी बाई थेट लेबर रूममध्ये पोचली, तर सिस्टरच्या हाताशी एक लहानशी पट्टी असते, आणि तिची करामत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब पट्टीच्या एका टोकाला सोडतात. तिथे सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात. जळगावच्या सराफ्यात पिवळे दिसणारे सोने वीस-चाळीस नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आकाराचे झाले, की त्यातील इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश शोषतात आणि ते लालसर दिसते. या कणांवर विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. रक्तात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने, असतील, तर ती एका भुजेने सुवर्णकण पकडतात आणि द्रवाबरोबर नायट्रोसेल्युलोजच्या कागदासारख्या पडद्यातून पुढे सरकतात. वाटेत एका रेषेवर जीपी 41 सारखी विषाणूची प्रथिने पक्की बसवलेली असतात. प्रतिपिंडाची दुसरी भुजा तिथे अडकते, कण साचतात आणि लाल रेघ उमटते. प्रतिपिंडे नसतील, तर कण तिथे न थांबता पुढच्या नियंत्रण रेषेवर अडकतात. ती दुसरी रेघ उमटलीच नाही, तर पट्टी बिघडलेली समजून चाचणी पुन्हा करावी लागते. हे सारे साधारण वीस मिनिटांत, विजेशिवाय होते.

मात्र एका रेघेवरून निदान जाहीर करता येत नाही. समजा, हजार स्त्रियांत दोघीच बाधित आहेत आणि चाचणी बाधा नसलेल्यांच्या बाबतीत 99.5 टक्के वेळा बरोबर ठरते. तरी पाच निरोगी स्त्रियांच्या पट्टीवर रेघ येईल. पण कळांच्या वेळी थांबायला सवड नसते, म्हणून औषध लगेच सुरू करतात आणि वेगळ्या चाचण्यांनी खात्री नंतर करतात. युगांडातील 1999 च्या अभ्यासात कळांच्या वेळी आईला नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची 200 मिलिग्रॅमची एकच गोळी आणि जन्मानंतर 72 तासांच्या आत बाळाला एक मात्रा दिल्याने, झिडोव्हुडिन या दुसऱ्या औषधाच्या अल्पकाळ उपचाराच्या तुलनेत, लागण जवळपास निम्म्यावर आली होती. आता आईला तीन औषधांचा उपचार आयुष्यभरासाठी सुरू करतात आणि बाळाला किमान सहा आठवडे औषध देतात. अंगारे-ताईत आणि ‘एड्स मुळापासून बरा’ करणारी चूर्णे विकणाऱ्यांकडे याच्या जवळपास जाणारा पुरावाही नाही.

2017 च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्यानुसार तपासणीसाठी स्त्रीची समजून दिलेली संमती लागते; ती कळांच्या मधल्या उसंतीत आणि अहिराणी, भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला तिच्याच बोलीत मागायला हवी. निकालही तिलाच सांगायचा असतो, सासूला नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयात प्रसूतिकक्षात चोवीस तास ही सोय ठेवली, तेव्हा बहुतेक सर्व स्त्रियांनी होकार दिला, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला तिथला अभ्यास सांगतो.

बाळासाठी मात्र हीच पट्टी चालत नाही, कारण आईची प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात आलेली असतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे सहाव्या आठवड्यात विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी करतात. नेमका त्याच सुमारास सव्वा महिना संपवून आई सासरी निघालेली असते. तेव्हा रुग्णालयातून घरी सोडतानाच सासरजवळचे तपासणी केंद्र ठरवून कागदावर लिहून द्यावे. केंद्राची माहिती 1097 या मोफत क्रमांकावर मिळते.