शीघ्रपतन : लोकलच्या पत्र्यापासून ओपीडीपर्यंत

लोकलच्या डब्यात चिकटवलेला 'गुप्तरोग, शीघ्रपतन, कमजोरी – हमखास इलाज' हा कागद वाचला नाही असा मुंबईकर पुरुष सापडणं कठीण. कामसुखाची ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरी कागद टिकून आहेत, कारण ज्याला हा त्रास आहे तो घरात बोलत नाही, मित्रांत बोलत नाही आणि फॅमिली डॉक्टरपुढे बसला तरी ॲसिडिटीचं सांगून उठतो.

तक्रार मात्र फार जुनी आहे. चरकसंहितेत शुक्रात शिरलेल्या वाताचं लक्षण म्हणून वीर्य लवकर सुटणं सांगितलं आहे. कामसूत्रात वेळेवरून शीघ्र, मध्य आणि चिर असे तीन प्रकार येतात, आणि शीघ्रवेगी पुरुषावर स्त्रिया नाराज होतात हेही तिथेच नोंदलेलं आहे. म्हणजे हा दोघांचा प्रश्न आहे, हे आपल्याकडे तेव्हाच कळलं होतं. पुढे त्यावर वीर्यनाशाची भीती चढली. हस्तमैथुनाने धात गेली, म्हणून आता टिकत नाही, असं मानणारे आजही भेटतात. या भीतीतून येणाऱ्या आजारपणाला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६०मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. हस्तमैथुनाने शीघ्रपतन जडत नाही. हे एक वाक्य वेळेवर कानी पडलं असतं तर कितीतरी जणांच्या उमेदीच्या वर्षांतला घोर टळला असता.

ते सांगणारा माणूस मुंबईत होता. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये इथे संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक त्यात आपले लैंगिक प्रश्न विचारत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, तरी मासिक १९५३पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. या शहराने याहून मोठं काम फार थोडं केलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

तिकडे पाश्चात्य वैद्यकाचं मत पालटत होतं. १९१७मध्ये मनोविश्लेषक कार्ल अब्राहम यांनी दोष नेणिवेतल्या संघर्षाला दिला. १९५६मध्ये जेम्स सीमन्स यांनी साधा सराव सुचवला : उत्तेजना टोकाला पोचण्याआधी थांबायचं, ओसरू द्यायची, पुन्हा सुरू करायचं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७०मध्ये त्याला शिश्नाग्र दाबून धरण्याची जोड दिली आणि जोडीदाराला उपचारात सामील केलं. १९९०च्या दशकात नैराश्यावरच्या गोळ्यांनी वीर्यपतन लांबतं हे अभ्यासांतून दिसलं आणि मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाकडे लक्ष गेलं.

मग घड्याळ आलं. पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून योनिप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतची वेळ मोजली. २००५मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मध्यक ५.४ मिनिटं निघाला, म्हणजे निम्म्यांची वेळ त्याहून कमी होती. ज्यांनी 'अर्धा तास तर हवाच' असं ऐकून स्वतःला रोगी ठरवलंय, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार पहिल्यापासूनच सुमारे मिनिटभरात किंवा त्याआधी होणं, किंवा नंतर कधीतरी वेळ सुमारे तीन मिनिटांवर वा त्याखाली घसरणं, शिवाय ताबा नसणं आणि त्याचा मनस्ताप होणं, हे सगळं जुळलं तरच आजार म्हणायचं.

मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी या विषयाला ओपीडीत जागा मिळवून दिली. वर्तमानपत्रातल्या सदरातून वर्षानुवर्षं लोकांना उत्तरं देणारे डॉ. महिंदर वत्स २०२०मध्ये गेले.

आज डॉक्टर आधी विचारतात : पहिल्यापासून की अलीकडे? ताठरता नीट येते का? थायरॉइड, प्रोस्टेटची सूज? मूळ तिथे असेल तर उपचारही तिथेच. नाहीतर सराव, समुपदेशन, बधिरता आणणारं मलम किंवा स्प्रे, नैराश्यावरची रोजची गोळी, नाहीतर संबंधाआधी एक ते तीन तास घ्यायची डॅपॉक्सेटिन. तिने काहींना मळमळतं, उठताना भोवळ येते. हृदयविकार असलेल्यांनी आणि नैराश्याची औषधं चालू असलेल्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळी उचलणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.