पार्श्वभूमी : सरकारी खर्चाला कात्री लागते तेव्हा रस्ते का पेटतात

ऑक्टोबर १९३२मध्ये ब्रिटनच्या औद्योगिक भागांतून बेरोजगारांचे जथे पायी लंडनकडे निघाले होते. आदल्या वर्षी सरकारने खर्च वाचवण्यासाठी बेकारभत्ता दहा टक्क्यांनी कापला होता आणि वर ‘मीन्स टेस्ट’ लादली होती. भत्ता मागणाऱ्याच्या घरी अधिकारी यायचा. मुलाची कमाई, म्हाताऱ्या आईवडिलांची पेन्शन, घरातलं सामानसुमान असं सगळं मोजून मगच किती द्यायचं ते ठरायचं. याविरुद्ध मोर्चेकऱ्यांनी सुमारे दहा लाख सह्या गोळा केल्या होत्या. तो अर्ज संसदेपर्यंत पोहोचलाच नाही, पोलिसांनी आधीच ताब्यात घेतला. हाइड पार्कच्या परिसरात लाठ्या चालल्या, दगड उडाले. मीन्स टेस्ट कायम राहिली.

त्याच महिन्यात बेलफास्टमध्ये, तुटपुंज्या मदतीच्या बदल्यात रस्त्यांची कामं करणाऱ्या बेरोजगारांनी संप केला. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कामगार या वेळी एकत्र आले होते. मोर्च्यांवर बंदी आली, ११ ऑक्टोबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दोघे मेले. आणि त्यानंतर काही दिवसांतच मदतीचे दर वाढवण्यात आले.

दहा लाख सह्यांनी जे झालं नाही, ते दोन मृत्यूंनी झालं. कपातीविरुद्धची आंदोलनं हिंसक का होतात, याचं मोठं उत्तर मला या दोन घटना शेजारी ठेवल्यावर दिसतं. शांतपणे मागणाऱ्याकडे पाठ फिरवायची आणि जाळपोळ झाली की निर्णय मागे घ्यायचा, हा धडा सरकारांनीच लोकांना शिकवला आणि पुढची नव्वद वर्षं तो पुन्हा पुन्हा गिरवून घेतला.

त्याच काळात जर्मनीत चॅन्सलर हाइनरिक ब्रूनिंग अध्यक्षीय वटहुकमांच्या जोरावर, संसदेला बाजूला ठेवून, पगार आणि भत्ते कापत होते. १९३२च्या सुरुवातीला तिथे साठ लाख लोक बेरोजगार होते. सप्टेंबर १९३०मध्ये नाझींना १८ टक्के मतं होती, जुलै १९३२मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली. त्याला एकटी कपात कारणीभूत नव्हती. पण तिला त्यातून वगळताही येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन-अडीच दशकं हा विषय मागे पडला. सत्तरच्या दशकात तेल महागलं, तेलउत्पादक देशांचे डॉलर पाश्चात्त्य बँकांत साठले आणि त्या बँकांनी ते विकसनशील देशांना सढळ हाताने कर्जाऊ दिले. दशकाच्या शेवटी अमेरिकेने व्याजदर चढवले, कर्जाचे हप्ते फुगले आणि ऑगस्ट १९८२मध्ये मेक्सिकोने हात वर केले. त्यानंतर एकामागून एक देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहिले. अटी साधारण सारख्याच असत. अनुदानं कमी करा, चलनाचं अवमूल्यन करा, सरकारी नोकरभरती थांबवा.

या लाटेची चाहूल इजिप्तला आधीच लागली होती. १७ जानेवारी १९७७ रोजी उपपंतप्रधान अब्देल मोनेम अल-कैसूनी यांनी संसदेत पीठ, तांदूळ, तेल अशा वस्तूंवरचं अनुदान कापत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी अस्वानपासून अलेक्झांड्रियापर्यंत लोक रस्त्यावर होते. सैन्य उतरलं, संचारबंदी लागली, सुमारे ८० माणसं मेली आणि दोन दिवसांत अनुदान परत आलं. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी या सगळ्याला ‘चोरांचा उठाव’ म्हटलं. सात वर्षांनी ट्युनिशियात ब्रेडची किंमत दुप्पट झाली, दक्षिणेतल्या गावांतून सुरू झालेला भडका राजधानीपर्यंत पोहोचला, आणि ६ जानेवारी १९८४ला वृद्ध राष्ट्राध्यक्ष बुर्गिबांनी टीव्हीवर येऊन दरवाढ रद्द केली.

या देशांत स्वस्त ब्रेड ही निव्वळ सवलत नव्हती. तो एक अलिखित सौदा होता. तुम्हाला खरीखुरी निवडणूक मिळणार नाही, विरोधी वर्तमानपत्र मिळणार नाही, पण पोटाला मिळेल. त्यातली भाकरी एका रात्रीत काढून घेतली आणि बदल्यात आवाज मात्र दिला नाही, तर लोकांनी गाऱ्हाणं नेमकं कुठे नेऊन मांडायचं?

व्हेनेझुएलात तर निवडणुका होत होत्या, तरीही स्फोट झाला. राष्ट्राध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेस यांच्या आधीच्या कारकिर्दीत, सत्तरच्या दशकात, तेलाच्या पैशाचा सुकाळ होता. ते दिवस परत येतील या आशेवर लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. २ फेब्रुवारी १९८९ला थाटामाटात शपथविधी झाला. दोन आठवड्यांत त्यांनी नाणेनिधीशी सुसंगत असं ‘पॅकेज’ जाहीर केलं. पेट्रोल महागलं आणि सोमवारी, २७ फेब्रुवारीच्या पहाटे, काराकासजवळच्या ग्वारेनासमध्ये बसमध्ये चढणाऱ्या कामगारांना कळलं की मंजूर वाढीपेक्षा कितीतरी जास्त भाडं मागितलं जातंय. तिथे वाद पेटला. दिवस मावळेपर्यंत राजधानीत दुकानं फुटत होती. आधीच्या आठवड्यांत ‘संपलं’ म्हणून सांगितला गेलेला माल काही गोदामांत भरलेला सापडला, तेव्हा राग आणखी चढला.

बसभाडं आणि ब्रेड यांवरून भडका उडतो, पगारकपातीवरून तितक्या पटकन उडत नाही, याला साधं कारण आहे. पगारकपात महिनाअखेरीला, प्रत्येकाला आपापल्या घरी कळते. बसभाडं हजारो लोकांना एकाच सकाळी, एकाच थांब्यावर, कामाला उशीर होत असताना कळतं. जमाव जमवावा लागत नाही, तो तिथे उभाच असतो.

काराकासमध्ये पुढे जे झालं, त्याला नुसती दंगल म्हणणं अन्यायाचं ठरेल. २८ फेब्रुवारीला घटनात्मक हक्क स्थगित झाले आणि डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांवर सैन्याने गोळ्या चालवल्या. बहुतेक माणसं लुटालुटीत मेली नाहीत, ती त्यानंतरच्या दिवसांत मारली गेली. सरकारी आकडा २७६ होता. पुढच्या वर्षी शहराच्या दक्षिणेकडच्या दफनभूमीत बेवारस पुरलेले मृतदेह सापडले. दहा वर्षांनी, १९९९मध्ये, आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापुढे राज्याने आपली जबाबदारी मान्य केली. दरम्यान १९९२मध्ये ह्यूगो चावेस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उठावाचा प्रयत्न केला होता आणि १९९८मध्ये तो मतपेटीतून सत्तेवर आला. काराकासचे ते दिवस लोक विसरले नव्हते.

अर्जेंटिनाची गोष्ट वेगळी, कारण तिथे मध्यमवर्ग उतरला. जुलै २००१मध्ये ‘शून्य तूट’ कायद्याने सरकारी पगार आणि पेन्शन १३ टक्क्यांनी कापले गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला बँकेतून आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त रक्कम काढायला बंदी आली. उपनगरांत किराणा दुकानं लुटली जाऊ लागली. १९ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ यांनी टीव्हीवरून आणीबाणी जाहीर केली, आणि भाषण संपतं न संपतं तोच ब्यूनस आयर्समध्ये बाल्कन्यांतून पातेली वाजू लागली. लोक पातेली वाजवतच चौकांत आले. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली. त्या दोन दिवसांत देशभरात चाळीसच्या आसपास बळी गेले आणि राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरने निघून गेले.

मग ग्रीस. २००९च्या ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने सांगितलं की तूट आधी दाखवली होती त्याच्या कितीतरी पट आहे. मे २०१०मध्ये युरोझोनचे देश आणि नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचं कर्ज मंजूर केलं. बदल्यात सरकारी पगार आणि पेन्शनला कात्री लागली, मूल्यवर्धित कर २३ टक्क्यांवर गेला.

अथेन्समधली हिंसा मात्र कपातीपासून सुरू झालेली नव्हती. नोव्हेंबर १९७३मध्ये लष्करी राजवटीने पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांवर रणगाडा घातला होता. त्या आठवणीचा मोर्चा तिथे दरवर्षी निघतो, आणि विद्यापीठांच्या आवारात पोलिसांनी पाऊल टाकू नये असा कायदा २०११पर्यंत होता. डिसेंबर २००८मध्ये एक्झार्खिया भागात एका पोलिसाने १५ वर्षांच्या मुलाला गोळी घातली आणि शहर कित्येक दिवस धगधगत राहिलं. म्हणजे पोलीस आणि तरुण यांच्यातलं वैर आधीच पेटलेलं होतं, त्यावर कपात येऊन पडली.

५ मे २०१०ला सार्वत्रिक संप होता. प्रचंड मोर्चा संसदेकडे चालला होता. स्टाडिऊ रस्त्यावरच्या मार्फिन बँकेच्या शाखेवर काही बुरखाधाऱ्यांनी पेट्रोलबॉम्ब फेकले. आत कर्मचारी होते. तिघे गुदमरून मेले. दोन स्त्रिया आणि एक पुरुष, तिघेही तरुण. एक स्त्री गरोदर होती. ज्यांच्या भवितव्यासाठी मोर्चा निघाला होता, त्यांतलेच हे तिघे. आंदोलनाचा राग कितीही न्याय्य असो, या मृत्यूंना त्यात कुठेही जागा नाही, आणि हे आंदोलनाच्या बाजूने उभं राहणाऱ्यांनीच सर्वांत आधी म्हटलं पाहिजे. जाळणारे तर दोषी होतेच. पण २०१३मध्ये न्यायालयाने आगीपासून बचावाच्या अपुऱ्या सोयींबद्दल बँकेच्या अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संसदेने कपात मंजूर केली. त्यानंतर बरेच दिवस रस्ते सुन्न होते.

मे २०११मध्ये सिंटाग्मा चौकात लोकांनी तंबू ठोकले. तिथे संध्याकाळी सभा भरत, बोलण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरे, दवाखानाही चालवला जात होता. जूनअखेरीस पुढच्या कपातीवर मतदान झालं तेव्हा याच चौकात अश्रुधुराचा मारा झाला. त्याच महिन्यात ध्वनिबॉम्बने एका पत्रकाराची श्रवणशक्ती कायमची गेली. १२ फेब्रुवारी २०१२च्या रात्री दुसऱ्या कर्जकराराला १९९ विरुद्ध ७४ मतांनी मंजुरी मिळत असताना बाहेर चाळीसहून अधिक इमारती जळत होत्या. त्या करारात किमान वेतन महिना ७५१ युरोंवरून ५८६वर आणलं गेलं. तीन महिन्यांनी ‘गोल्डन डॉन’ हा नवनाझी पक्ष सात टक्के मतं घेऊन संसदेत शिरला. २००९मध्ये त्याला अर्धा टक्काही मतं नव्हती.

इथे बेलफास्टचा किंवा कैरोचा धडा चालला नाही. सभा भरवून निर्णय बदलला नाही, जाळूनही बदलला नाही, कारण निर्णय अथेन्समध्ये होतच नव्हता, तो कर्ज देणाऱ्यांच्या हातात होता. जुलै २०१५च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जाच्या अटी नाकारल्या, आणि आठवड्याभरात सरकारने तशाच कठोर अटी स्वीकारल्या.

इतक्या यातना ज्या हिशोबावर लादल्या गेल्या, तो हिशोबच चुकला होता. नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी २०१२-१३मध्ये मांडलं की सरकारने एक युरो कापला तर अर्थव्यवस्था साधारण अर्ध्या युरोने आकसेल असं गृहीत धरलं गेलं होतं, प्रत्यक्षात ती ०.९ ते १.७ युरोंनी आकसत होती. ग्रीसचं राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ एक चतुर्थांशाने घटलं, बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. रस्त्यावरचे लोक ‘याने आम्ही आणखी बुडू’ म्हणत होते तेव्हा त्यांना अर्थशास्त्र कळत नाही असं सांगितलं जात होतं.

याकोपो पोंटिचेल्ली आणि हान्स-योआखिम फोट या अर्थतज्ज्ञांनी युरोपातल्या १९१९पासूनच्या जवळपास नव्वद वर्षांच्या नोंदी तपासल्या. खर्चकपात जितकी मोठी, तितके मोर्चे, दंगली आणि राजकीय हत्या वाढलेल्या त्यांना दिसल्या. करवाढीचा परिणाम मात्र त्यामानाने बराच कमी होता. तरी करांनीही भडका उडू शकतो. २५ जून २०२४ला केनियात करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण थेट संसदेत घुसले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. पुन्हा तोच क्रम, आधी बळी आणि मग माघार.

या क्रमाला फाटा फुटलेला एक प्रसंग इक्वेडोरमध्ये दिसतो. ऑक्टोबर २०१९मध्ये राष्ट्राध्यक्ष लेनिन मोरेनो यांच्या सरकारने वटहुकूम काढून इंधनावरचं अनुदान बंद केलं, डिझेल दुपटीहून महाग झालं. आदिवासी संघटना हजारोंनी राजधानी किटोत उतरल्या, सरकारने मुक्काम ग्वायाकिलला हलवला, महालेखापालांच्या कार्यालयाची इमारत जळाली, माणसं मेली. १३ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रं आणि चर्च यांच्या मध्यस्थीने राष्ट्राध्यक्ष आणि आदिवासी नेते समोरासमोर बसले. ती बोलणी थेट प्रक्षेपित झाली, सारा देश ती पाहत होता. त्याच रात्री वटहुकूम मागे घेतला गेला आणि आंदोलक घरी परतू लागले. ही बैठक पहिल्या आठवड्यात का झाली नाही, असा प्रश्न मला तरी टाळता येत नाही. पुढच्या वर्षी सरकारने इंधनाचे दर दरमहा थोडेथोडे वाढवायला सुरुवात केली, या वेळी कुणाला बोलावलं नाही, आणि जून २०२२मध्ये देश पुन्हा १८ दिवस बंद होता.