ब्रिटनमधल्या विद्यापीठीय स्की-स्नोबोर्ड स्पर्धा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेले आपले विद्यार्थी क्रिकेटच्या आणि बॅडमिंटनच्या क्लबात लगेच नाव नोंदवतात. स्नोस्पोर्ट्स क्लबाच्या टेबलापाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. विद्यापीठांच्या स्की-स्नोबोर्ड स्पर्धा लहानपणापासून बर्फावर वाढलेल्यांसाठी असतात, असा समज त्यामागे असतो. तो बराचसा चुकीचा आहे. विद्यापीठं पहिल्या संघाच्या जोडीला दुसरा, तिसरा, चौथा संघही उतरवतात आणि खालच्या संघांत नवशिक्यांना जागा मिळते. भारतीय पासपोर्ट असलेला विद्यार्थी अडतो तो कौशल्यापेक्षा कागदांवर आणि तारखांवर. म्हणून या लेखात तेच जास्त आहे.

ही परंपरा विद्यार्थ्यांनीच उभी केली आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची स्की शर्यत १९२२ पासूनची. त्याच वर्षी ब्रिटिश स्कीपटू आर्नल्ड लन यांनी स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन इथे खांब रोवून केलेल्या फाटकांमधून वळणं घेत उतरण्याची, म्हणजे आजच्या अर्थाने स्लॅलमची शर्यत भरवली. अल्पाइन स्की, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याचा स्कीचा प्रकार, ऑलिंपिकमध्ये आला ते १९३६ साली. आजही किती तरी कामं विद्यार्थ्यांची समितीच करते: नोंदणी, बस, खोल्या, संघनिवड, पैसे गोळा करणं. याची एक बाजू आधीच सांगायला हवी. समिती दरवर्षी बदलते आणि जुन्यांबरोबर त्यांची माहितीही निघून जाते. परदेशी विद्यार्थ्याला कोणतं पत्र लागतं, हे यंदाच्या सचिवाला ठाऊक असेलच असं नाही. ते तुम्हीच मागायचं.

कोणत्या स्पर्धा असतात

कृत्रिम उतारावरच्या, म्हणजे बर्फाऐवजी प्लास्टिकच्या ब्रशांची जाळी अंथरलेल्या उतारावरच्या, शर्यती शरद ऋतूत सुरू होतात. किंग्ज स्की क्लबच्या लीगमध्ये विभागवार फेऱ्या होतात. शेजारी शेजारी मांडलेल्या दोन सारख्या मार्गांवरून दोन संघांचे खेळाडू एकाच वेळी उतरतात. एडिनबर्गजवळचा हिलेंडचा लांबलचक उतार या मोसमातल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं ओळखला गेला आहे. इनडोअर बर्फाच्या केंद्रांतही शर्यती होतात. सुरुवात इथूनच करावी, कारण त्यासाठी देशाबाहेर जावं लागत नाही आणि व्हिसाचा प्रश्नच येत नाही.

आल्प्समधल्या आठवडाभराच्या स्पर्धा हा दुसरा प्रकार. बीयूसीएस, म्हणजे ब्रिटिश युनिव्हर्सिटीज अँड कॉलेजेस स्पोर्ट, ही विद्यापीठीय खेळांची अधिकृत संस्था. बीयूएससी, म्हणजे ब्रिटिश युनिव्हर्सिटीज स्नोस्पोर्ट्स कौन्सिल, ही विद्यार्थ्यांनी चालवलेली. नावं इतकी सारखी आहेत की फॉर्म भरताना गोंधळ होतो. आपण कोणत्या स्पर्धेत नोंदवले जात आहोत, हे कॅप्टनला स्पष्ट विचारा. स्लॅलम, जायंट स्लॅलम (फाटकं जास्त अंतरावर असलेली शर्यत), स्लोपस्टाइल (उड्या आणि कसरती), बोर्डरक्रॉस (एका मार्गावरून अनेकांनी एकाच वेळी उतरण्याची स्नोबोर्ड शर्यत) असे प्रकार असतात. स्की आणि स्नोबोर्ड यांचे निकाल वेगळे लागतात.

पात्रता

मूळ अट साधी आहे: तुम्ही त्या विद्यापीठाचे चालू वर्षी नोंदणी झालेले विद्यार्थी हवेत. पदवी, मास्टर्स, पीएचडी, सगळे चालतात. त्यावर स्टुडंट्स युनियनचं किंवा क्रीडा विभागाचं सदस्यत्व आणि क्लबचं सदस्यत्व. ही दोन वेगळी असतात. एकाचे पैसे भरून दुसरं राहून गेलं, तर संघाच्या यादीत नाव चढत नाही. बीयूसीएसच्या स्पर्धांसाठी बीयूसीएस प्ले या अॅपवर खातंही लागतं.

नोंदणी व्यक्तीची नसते, संघाची असते. म्हणजे अर्ज रेस कॅप्टन करतो. क्लबच्या अंतर्गत चाचणीला गेलात, ठरलेल्या तारखेला पैसे भरलेत, तरच तो तुमचं नाव पाठवू शकतो. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचा, म्हणजे एफआयएसचा परवाना महासंघाच्या मान्यताप्राप्त शर्यतींसाठी लागतो. नवशिक्याच्या विद्यार्थी लीगला त्याची गरज नसते.

स्टुडंट व्हिसावर असणाऱ्यांनी एक नियम नीट लक्षात ठेवावा. या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. हौशी खेळाडू म्हणून विद्यापीठासाठी उतरायला हरकत नाही. पण तुम्हाला चांगलं स्की येतं म्हणून एखाद्या केंद्राने नवशिक्यांना शिकवायला बोलावलं, तर मोबदला असो वा नसो, आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. व्हिसाची अट मोडली तर शिक्षणच धोक्यात येतं.

आल्प्ससाठी: शेंगेन व्हिसा

ब्रिटनचा व्हिसा असला तरी फ्रान्समध्ये उतरायला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतोच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. खरी अडचण अपॉइंटमेंटची. हिवाळ्याच्या तोंडावर सगळेच फिरायला निघतात आणि तारखा भराभर संपतात. सहलीची जागा पक्की झाली त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट शोधायला लागा.

मुक्काम फ्रान्समध्ये असेल तर अर्ज फ्रान्सकडे. ब्रिटनमध्ये हे अर्ज टीएलएसकॉन्टॅक्ट या कंपनीच्या केंद्रांत स्वीकारले जातात. विमान जिनिव्हाला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे करू नका; स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच आहे, त्यामुळे फ्रान्सचा व्हिसा तिथे चालतो. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे आधी दिले असतील तर ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. ब्रिटनमधला राहण्याचा परवानाही परतीनंतर पुरेसा शिल्लक असावा. एक वर्षाच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनी हे आधी तपासावं. सोबत फॉर्म, फोटो, ई-व्हिसाचा (ब्रिटनच्या ऑनलाइन व्हिसाचा) पुरावा, विद्यापीठाचं विद्यार्थी असल्याचं पत्र, बँकेची अलीकडची स्टेटमेंट्स, जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं बुकिंग. सामूहिक सहलीत बुकिंग आयोजकाच्या नावावर असतं, म्हणून तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि मुक्कामाचा पत्ता असलेलं पत्र आयोजकाकडून स्वतंत्र मागून घ्या. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज पुरावा म्हणून उपयोगाचा नाही. आणि डिपॉझिट भरण्याआधी विचारा: व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील? उत्तर ईमेलवर घ्या.

विमा

व्हिसासाठी ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण पुरतं. शर्यतीसाठी तेवढ्याने भागत नाही. साध्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बहुधा नसतात. 'विंटर स्पोर्ट्स' जोडलेल्या पॉलिसीतही शर्यत, स्पर्धा आणि फ्रीस्टाइल अनेकदा वगळलेलं असतं. फाटकांमध्ये पडून गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तर तुम्ही सहलीला गेला होतात की शर्यतीत उतरला होतात यावर दावा ठरतो. पॉलिसीत 'हौशी स्पर्धा' समाविष्ट आहे हे शब्दशः वाचा. डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, गरज पडली तर हेलिकॉप्टर आणि मायदेशी परत नेणं, हेही त्यात हवं. या एका कागदावर वाचवलेले पैसे सर्वांत महाग पडू शकतात, म्हणून मी इथे काटकसर अजिबात सुचवणार नाही.

साहित्य आणि शर्यतीचा दिवस

हेल्मेट सक्तीचं धरूनच चला. कृत्रिम उतारावर हातमोजे, पूर्ण बाह्या आणि पूर्ण पायघोळ कपडे घाला. ब्रशांच्या जाळीत अंगठा अडकून दुखापत होते, म्हणून यात हयगय नको. स्की, बूट आणि बोर्ड क्लबकडून किंवा केंद्राकडून भाड्याने मिळतात, पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावताना वजन, उंची आणि कौशल्याची पातळी खरी सांगा: पातळी फुगवून सांगितली तर पडताना स्की वेळेवर सुटत नाही आणि पाय पिरगळतो.

सकाळी कॅप्टन संघाचे बिब, म्हणजे कपड्यांवर घालायचे क्रमांकाचे अंगरखे, घेऊन येतो. विद्यार्थी ओळखपत्र, आपत्कालीन संपर्काचा भरलेला फॉर्म, आजार किंवा अॅलर्जीची नोंद आणि विम्याचा क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा; थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते.

आल्प्सला निघण्याआधी आणखी दोन गोष्टी. सत्र चालू असेल किंवा तुम्ही मास्टर्सच्या प्रबंधाच्या टप्प्यावर असाल, तर विभागाकडून रजेची लेखी परवानगी घ्या, कारण स्टुडंट व्हिसावर हजेरीची नोंद विद्यापीठाला ठेवावी लागते. आणि पासपोर्ट नवा काढला असेल, तर तो तुमच्या यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्याला जोडला आहे का ते घरातूनच पाहा. ई-व्हिसा जुन्याच पासपोर्टशी जोडलेला राहिला, तर परतीच्या विमानतळावर एअरलाइन तुम्हाला थांबवू शकते.