तीन पुड्या आणि दोन प्रश्न

‘शेतकऱ्यांचा सहभाग’ हे शब्द कृषी संशोधनाच्या अहवालांत वारंवार भेटतात. परंतु पुष्कळदा त्यांचा अर्थ एवढाच असतो की, केंद्रात तयार झालेले वाण शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन दाखवले गेले. याला प्रात्यक्षिक म्हणावे, संशोधन म्हणू नये. ज्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणालाच ठाऊक नाही, त्यासाठी विश्वासार्ह माहिती निर्माण करणे म्हणजे संशोधनात सहभागी होणे. सामान्य शेतकरी आपल्या शेतात अशी माहिती निर्माण करू शकतो आणि ती सांख्यिकीच्या कसोटीवर उतरू शकते, हे अनेक सुशिक्षितांना आजही पटत नाही.

मुळात शेतकऱ्याकडे जाण्याची गरजच का पडावी? संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर जमीन सपाट असते, खत आणि पाणी वेळेवर मिळते, तणाचा बंदोबस्त झालेला असतो. अशा ठिकाणी पहिला आलेला वाण उथळ, कोरड्या जमिनीतही पहिला येईलच असे नाही. तेथे वाणांचा क्रम उलटूही शकतो. वनस्पतीच्या जनुकीय घडणीची आणि परिस्थितीची ही आंतरक्रिया आहे. सीरियात बार्लीवर काम करणारे पैदासकार साल्वातोरे चेक्कारेल्ली यांनी याच कारणासाठी निवडीचे काम केंद्राबाहेर, शेतकऱ्यांच्या शेतांवर आणि शेतकऱ्यांच्या हाती नेले. नेपाळमधील उंचावरच्या थंड गावांसाठी शेतकऱ्यांच्या सहभागाने निवडलेला ‘माछापुच्छ्रे-3’ हा भाताचा वाण 1996 मध्ये अधिकृतपणे प्रसारित झाला.

शेकडो शेतांवर प्रयोग करायचा म्हटले की अडचण उभी राहते. प्रत्येकाची जमीन, पेरणीची तारीख आणि मशागत वेगळी असते. शिवाय दहा वाण शेजारी शेजारी लावण्याइतकी जागा आणि सवड फार थोड्यांकडे असते. या अडचणीवर शोधलेला ‘त्रिक-तुलना’ हा उपाय मला अतिशय सुंदर वाटतो. समजा, दहा वाण तपासायचे आहेत. प्रत्येक शेतकऱ्याला त्यांपैकी कोणत्याही तिघांच्या पुड्या मिळतात आणि कोणाला कोणते तीन हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. हंगामाअखेरीस त्याला दोनच प्रश्न विचारले जातात: सर्वांत चांगला कोणता आणि सर्वांत वाईट कोणता? या दोन उत्तरांतून तिघांचा पूर्ण क्रम कळतो, कारण उरलेला वाण आपोआप मधला ठरतो.

तिन्ही वाण एकाच शेतात, एकाच पावसात, एकाच हाताखाली वाढलेले असल्याने जमिनीचा कस आणि मशागत यांचा परिणाम तिघांवर बहुतांशी सारखाच होतो आणि तुलनेत तो वजा होतो. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920च्या दशकात इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात शेतीप्रयोगांना जी सारख्या जमिनीचे गट पाडण्याची आणि यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, वाटपाची शिस्त दिली, तीच येथे वेगळ्या रूपात वापरली आहे. शिवाय एकरी उत्पादनाचा आकडा अंदाजाने सांगण्यापेक्षा समोरच्या तिघांत उजवा कोणता हे सांगणे माणसाला कितीतरी सोपे जाते.

आता खरी गंमत अशी की, जे दोन वाण कोणाच्याही शेतात एकत्र आले नाहीत, त्यांचीही तुलना करता येते. ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र लावल्यावर ‘अ’ सरस ठरण्याचे प्रमाण 2 विरुद्ध 1 निघाले आणि ‘ब’ व ‘क’ यांच्यात ‘ब’ सरस ठरण्याचे प्रमाण 3 विरुद्ध 1 निघाले, असे धरू. प्रत्येक वाणाला एक भार द्यायचा आणि एखादा वाण जिंकण्याची संभाव्यता त्याच्या भाराच्या प्रमाणात मानायची, तर अ, ब, क यांचे भार 6, 3 आणि 1 होतात. म्हणजे ‘अ’ने ‘क’ला मागे टाकण्याची संभाव्यता 7 पैकी 6 येते. तिन्ही एकत्र लावल्यास ‘अ’ पहिला येण्याची संभाव्यता 10 पैकी 6, आणि तो पहिला आल्यावर उरलेल्या दोघांत ‘ब’ वरचढ ठरण्याची 4 पैकी 3. म्हणून अ-ब-क हा क्रम मिळण्याची संभाव्यता या दोहोंचा गुणाकार, म्हणजे 0.45 ठरते. प्रत्यक्षात हिशेब उलट दिशेने चालतो: शेकडो शेतकऱ्यांनी दिलेले क्रम हाती असतात आणि ते क्रम मिळण्याची एकत्रित संभाव्यता ज्या भारांनी महत्तम होते, ते भार संगणक शोधतो. या प्रतिमानाला प्लॅकेट-ल्यूस असे नाव आहे.

पुड्यांवर वाणाचे नाव नसते, केवळ अक्षर असते. नाव शेवटी सांगितले जाते. ही साधी दक्षता मला फार मोलाची वाटते. चमत्कारी बियाण्याची जाहिरात, तिथी पाहून केलेली पेरणी, ‘पूर्वजांचे ते सारे उत्तम’ हा भाबडा विश्वास, या सर्वांचा आधार म्हणजे कोणा एकाला आलेले भरघोस पीक. शेजारी तुलनेचा वाफा नसेल, तर त्या पिकाचे श्रेय पावसाला द्यावे की मंत्राला, हे ठरवायला काहीच साधन उरत नाही.

निकाराग्वातील घेवडा, इथिओपियातील ड्युरम गहू आणि भारतातील गहू या पिकांच्या शेतकऱ्यांनी सांभाळलेल्या 12,409 भूखंडांवरील असा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. हे क्रम प्रत्येक शेताच्या हवामानाशी जोडल्यामुळे कोणत्या हवामानात कोणता वाण वर येतो हे दिसले. चाचण्या मोजक्याच हंगामांत झाल्या की शिफारशी त्या हंगामांच्या हवामानाकडे झुकतात; हा दोष त्यामुळे कमी करता आला.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पहिला वाण दुसऱ्यापेक्षा किती किलोंनी पुढे आहे हे क्रमातून कळत नाही. त्यासाठी वजनकाटाच लागतो. आणखी एक मर्यादा अधिक गंभीर आहे. ‘चांगला’ म्हणजे काय? धान्य जास्त, चारा जास्त, मळणीला सोपा की शिजायला बरा, यांतील प्रत्येक प्रश्नाला निराळा क्रम मिळू शकतो, आणि एकाच घरातील पुरुष व स्त्री यांची उत्तरेही वेगळी येऊ शकतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती द्यायच्या कार्डावर कोणते प्रश्न छापायचे, हे पहिल्या पुडीत बी भरण्यापूर्वी शेतकऱ्यांबरोबर, आणि त्यांतील स्त्रियांबरोबरही, बसूनच ठरवावे लागते.