एका वेळी अनेक टेबलं: ऑनलाइन पोकरमधल्या एका सवयीची पार्श्वभूमी

कॅसिनोत पत्ते पिसायला, वाटायला आणि चिप्स मोजायला माणूस बसलेला असतो. त्यामुळे तासाला २५ ते ३० हात (म्हणजे पत्ते वाटण्यापासून निकालापर्यंतचे डाव) होतात, फार तर ३५. सावध खेळाडू त्यातले बहुतेक हात पहिल्याच फेरीत टाकतो आणि बाकीचा वेळ नुसता बसून राहतो. १ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर या साइटने खऱ्या पैशांचा ऑनलाइन खेळ सुरू केला. आता पत्ते क्षणात वाटले जाऊ लागले. आजच्या वेगाने नऊ जणांच्या टेबलावर तासाला साधारण ६० ते ७० हात होतात आणि सहा जणांच्या टेबलावर ७५ ते १००. बसून राहणं मात्र संपलं नाही. दुसरं टेबल उघडलं गेलं ते या रिकाम्या वेळासाठी.

यामागचं गणित सोपं आहे. पोकरमधली कमाई दर १०० हातांमागे किती बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच लावावी लागणारी ठरावीक रक्कम) सुटले यावर मोजतात. समजा, एका टेबलावर नीट लक्ष देऊन खेळणाऱ्याला ५ ब्लाइंड सुटतात. ताशी ७५ हात धरले तर तासाला पावणेचार. चार टेबलांवर लक्ष थोडं विभागलं आणि दर ४ वर आला, तरी ३०० हातांचे १२ ब्लाइंड होतात. बारा टेबलांवर दर २ वर घसरला तर ९०० हातांचे १८. सोळा टेबलांवर तो १ वर आला की १,२०० हातांचे पुन्हा १२च. म्हणजे एका टप्प्यानंतर टेबलं वाढवून हाती काहीच लागत नाही. हा टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि बहुतेकांना तो ओलांडून गेल्यावरच कळतो.

सुरुवातीला मर्यादा डोक्याची नव्हती, पडद्याची होती. त्या काळी टेबलाची खिडकी साधारण ८०० बाय ६०० पिक्सेलची असे. १६०० बाय १२०० च्या मॉनिटरवर अशा चार खिडक्या एकमेकींना न झाकता बरोब्बर बसत. त्यामुळे वीस इंची मॉनिटर हे गंभीर खेळाडूचं पहिलं हत्यार ठरलं. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. नवशिक्यांची लाट आली. टेबलं इतकी सैल झाली, कमजोर पत्त्यांवरही लोक इतके पैसे लावू लागले, की चांगले पत्ते आल्यावरच पैसे लावायचे आणि एरवी टाकून द्यायचे, एवढ्यावर नफा होत असे. असा साचेबंद खेळ एकाच वेळी आठ ठिकाणी खेळता येतो. चतुर खेळ येत नाही. बहुटेबल खेळाची घडण या एका गोष्टीने ठरवली.

खिडक्या मांडण्याच्या तीन पद्धती रुळल्या. फरशांसारखी शेजारी शेजारी मांडणी केली की सगळं दिसतं, पण नजर सतत फिरती ठेवावी लागते. दुसऱ्या पद्धतीत सगळी टेबलं एकावर एक रचतात आणि ज्याची पाळी येईल ते वर येतं. माऊस एका जागी राहतो, त्यामुळे वीस टेबलंही जमतात. मात्र समोर आलेल्या टेबलावर आधी कोणी काय केलं ते आपण पाहिलेलं नसतं. तिसरी पद्धत पायऱ्यांची: खिडक्या थोड्या थोड्या सरकवलेल्या, प्रत्येकीचा कोपरा दिसेल अशा.

रचलेल्या टेबलांचा खरा धोका चुकीच्या क्लिकचा. एका टेबलावर ‘फोल्ड’ (पत्ते टाकून देण्याचं बटण) दाबायला बोट खाली जातं, तेवढ्यात दुसरं टेबल वर उसळतं आणि हातातले दोन एक्के फेकले जातात. म्हणून जाणकार ‘समोर येणाऱ्या खिडकीने कीबोर्ड बळकावू नये’ ही सोय आधी शोधतात. बेटची रक्कम टाइप करण्याऐवजी पॉटचा (मधोमध जमलेल्या पैशांचा) अर्धा, दोन-तृतीयांश अशी ठरावीक बटणं लावून ठेवतात. बारा टेबलांवर दर चार सेकंदाला एक नवा हात सुरू होतो. तिथे आकडे टाइप करत बसलं तर वेळ संपून हात आपोआप बाद होतो.

स्मृतीची उणीव सॉफ्टवेअरने भरून काढली. २००१ मध्ये पोकरट्रॅकर आलं. ते प्रत्येक हाताची नोंद साठवू लागलं. पुढे हे आकडे थेट टेबलावर, प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी दिसू लागले: तो किती टक्के हातांत उतरतो, किती वेळा रेज करतो (रक्कम वाढवतो), रेजवर पुन्हा रेज किती वेळा करतो. पहिले दोन आकडे शंभरेक हातांत बऱ्यापैकी स्थिर होतात. तिसऱ्याला कित्येक शे लागतात, आणि वीस हातांवरून तो वाचणाऱ्यांनी त्यापायी पैसे घालवले आहेत.

टेबलांची संख्या वीसच्या पुढे गेली ती मात्र खेळामुळे नव्हे, साइटच्या बक्षिसांमुळे. साइट प्रत्येक पॉटमधून रेक, म्हणजे आपला वाटा, कापते, आणि नियमित खेळणाऱ्याला त्यातला काही भाग परत मिळे. फुल टिल्ट या साइटवर या परतीचा, म्हणजे रेकबॅकचा, दर २७ टक्के होता. पोकरस्टार्स या साइटवर एका वर्षात १० लाख गुण मिळवले की ‘सुपरनोव्हा एलिट’ ही सर्वात वरची श्रेणी. म्हणजे वर्षभर सुट्टी न घेता रोज सुमारे २,७४० गुण. २०११ संपेपर्यंत तिथे हे गुण पत्ते वाटले गेलेल्या सगळ्यांना सारखे मिळत, पॉटमध्ये पैसे घातले असोत वा नसोत. फोल्ड करत बसणाऱ्यालाही वाटा मिळणार म्हटल्यावर २४ टेबलं उघडून फोल्ड करणाऱ्यांची फौज उभी राहिली. २०१२ पासून ज्याने पॉटमध्ये जितके घातले त्या प्रमाणात गुण मिळू लागले आणि ती सोय संपली.

त्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, ‘नॅनोनोको’ या नावाने खेळणाऱ्या रँडी ल्यूने आठ तासांत २३,४९३ हात खेळून गिनीज विक्रम केला. मिनिटाला जवळपास ४९ हात. शेवटी नफ्यात असणं ही अट होती. नफा झाला ७ डॉलर ६५ सेंट.

बहुटेबल खेळाडूचं दुसरं भांडवल म्हणजे नशिबाचे चढउतार लवकर पचवण्याची ताकद. सहा जणांच्या खेळात दर १०० हातांमागे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती भरकटतात त्याचं माप) ९० ब्लाइंडच्या आसपास धरतात. एक लाख हात खेळूनही सरासरीत जवळपास ३ ब्लाइंड इकडेतिकडे होऊ शकतात. दर १०० हातांमागे खरोखर १ ब्लाइंड जिंकू शकणारा खेळाडूही लाख हातांनंतर तोट्यात असणं अगदी शक्य आहे. हे लाख हात एका टेबलावर १,३०० तासांहून जास्त घेतात, सोळा टेबलांवर ८३. अर्थात बँकरोलही (खेळासाठी राखलेला पैसा) तेवढ्याच वेगाने आटू शकतो.

उतरण कशी लागली? १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने मोठ्या साइट्सच्या चालकांवर आरोपपत्र ठेवलं आणि तिथला बाजार एका दिवसात तुटला. त्याआधीच, २०१० मध्ये, फुल टिल्टने ‘रश’ आणलं होतं. फोल्ड केलं की लगेच नवं टेबल, नवे पत्ते. एकाच खिडकीत तासाला २०० हून जास्त हात. २०१२ मध्ये पोकरस्टार्सचं तसंच ‘झूम’ आलं. रिकामा वेळच उरला नाही, तेव्हा दुसऱ्या टेबलाची मूळ गरजही कमी झाली. २०१५ मध्ये पायोसॉल्व्हर हे सर्वोत्तम खेळी मोजून काढणारं सॉफ्टवेअर आलं आणि अभ्यासू खेळाडूंना साचा फोडायला शिकवू लागलं. वीस टेबलांवर बसलेला माणूस ब्लाइंडसाठी झगडत नाही हे सगळ्यांना माहीत होतंच. आता रेज करून त्याच्यावर किती वेळा चढायचं याचं उत्तरही मिळालं.

त्याच वर्षी पोकरस्टार्सने वरच्या श्रेणीचे लाभ छाटण्याची घोषणा केली. डिसेंबरात काही नियमित खेळाडूंनी तीन दिवस टेबलांवर ‘सिट आउट’ करून, म्हणजे बसून पण न खेळता, निषेध नोंदवला. उपयोग झाला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या साइटने कॅश टेबलांची (स्पर्धेबाहेरच्या, थेट पैशांच्या खेळाची) मर्यादा २४ वरून ४ वर आणली. साइटची बाजू समजण्यासारखी आहे: चोवीस टेबलांवर बसलेला माणूस गप्पा मारत नाही, प्रत्येक निर्णयाला वेळ खातो आणि हौशी खेळाडूचे पैसे झपाट्याने काढून नेतो.

ही मर्यादा स्पर्धांना लागू नव्हती, त्यामुळे ही सवय आज मुख्यतः तिथे टिकून आहे. बाद होत गेलं की खिडक्या आपोआप कमी होतात, आणि शेवटच्या टप्प्यात, जिथे खरे पैसे असतात, एक-दोनच उरतात. बहुतेक साइट्स दर तासाच्या ५५ व्या मिनिटाला सगळ्या स्पर्धांना एकदम पाच मिनिटांची विश्रांती देतात, म्हणून दहा स्पर्धा खेळणाऱ्यालाही उठता येतं. कॅशवाले मात्र तीन साइट्सवर चार-चार टेबलं उघडतात. प्रत्येक साइटवर बटणांची जागा वेगळी, खिडकीचा आकार वेगळा, वेळेची मुदत वेगळी. चुकीचे क्लिक पुन्हा वाढतात.